धुतल्या हवेचा दिवस

साठीला टेकलेल्या नवऱ्याने एक दिवस उठून डोंगर चढायची गोष्ट काढली, तर बायकोने काय समजायचं? शहरातली असती तर तिने त्याला बूट घेऊन दिले असते आणि डबा भरला असता. पुष्पलता दांडीची, समुद्रकाठच्या कोळीवाड्यातली. बोईसरच्या बाजारात टोपली घेऊन बसण्यात तिची हयात गेलेली. समोरचं गिऱ्हाईक मासे घेणार आहे की नुसतं हाताळून जाणार आहे, हे तिला ते वाकायच्या आधीच कळतं. तिच्या मनात पाल चुकचुकली ती त्याच दिवशी.

आणि का चुकचुकू नये? तिचा नवरा कृष्णकांत बोटीवरचा तांडेल होता. बोटीचं सुकाण त्याच्या हातात, खलाशी त्याच्या शब्दात. त्याला आयुष्यात चढण माहीत ती बोटीच्या शिडीची. पालघरच्या बाजूचे डोंगर तो रोज बघायचा, पण समुद्रातून, आणि तेही कामापुरते. घरात बोट एक आणि तिचा तांडेल एक, ह्या दोघांवर सगळं उभं होतं. मुलगा मेहुल बापाच्या हाताखाली बोटीवरच जायचा आणि सून हेमाली बोईसरच्या एका कंपनीत लॅबला होती. ह्यातला तांडेल हलला तर बाकीचं कशावर उभं राहणार, ह्या एका धास्तीने पुष्पलताची झोप उडाली होती.

सुरुवात झाली ती पावसाळ्यात. मासेमारी बंद, बोट किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेली, आणि पुरुषमाणसं घरात पायात पायात येणारी. हेमाली ओट्यावर बसून मोबाइलमधले फोटो दाखवत होती. कंपनीतल्या पोरापोरींबरोबर ती रविवारी डोंगर चढायला जायची. सुनेच्या मोबाइलमध्ये कधी डोकं न घालणारा कृष्णकांत अचानक म्हणाला, “डोंगरावर जायला चांगला सीझन कुठला गो?”

“पावसाळाच की बाबा!” हेमाली हरखली. “सगळं हिरवंगार, जिथे तिथे धबधबे. येत्या रविवारी आम्ही चाललोय, चला तुम्ही पण.”

“पावसात वरून दिसतं काय?”

“ढग!” हेमाली खुशीत म्हणाली. “सगळे ढगच ढग.”

“मंग काय उपयोग,” असं म्हणून कृष्णकांत भिंतीकडे वळला.

पुष्पलता चुलीपाशी सोड्यांचं कालवण ढवळत होती, पण कान ओट्यावर होते. माणूस रिकामा आहे, सून नेते म्हणते, सगळी दुनिया ह्याच दिवसांत डोंगर चढते. तरी हा नको म्हणतो. आणि वरून काय दिसतं, ह्याची त्याला कसली पंचाईत? डोंगरावर लोक डोंगरासाठी जातात. ह्याला तिथून काय बघायचं होतं?

नारळी पौर्णिमा झाली. बोटी पाण्यात गेल्या आणि नवशा कामाला आला. नवशा वाघोबा खिंडीच्या खालच्या पाड्यावरचा. पावसावर पिकणारं भाताचं एवढंसं वावर होतं त्याचं. लावणी उरकली की तो समुद्रावर यायचा आणि कापणीला चार दिवस घरी जाऊन परत यायचा. कित्येक वर्षं तो ह्यांच्याच बोटीवर होता, घरचाच झालेला. पण ह्या वर्षी त्याच्यात आणि कृष्णकांतमध्ये काहीतरी शिजत होतं. आधी कृष्णकांत जाळं स्वतः विणायचा, दुसऱ्याच्या हाताची गाठ त्याला पसंत पडायची नाही. आता ‘हात दुखतो’ म्हणून सुई नवशाकडे दिलेली आणि हा आपला शेजारी बसून कुजबुजतोय. हात दुखणारा माणूस दोर मात्र पहिल्यासारखाच ओढतो, हे पुष्पलताने बघून ठेवलं होतं.

एकदा ती बोंबील वाळत घालत होती. काठ्यांवर लटकलेल्या बोंबलांच्या पलीकडे दोघे बसले होते. ती अलीकडे आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तिनेही खोकून सांगितलं नाही.

“मार्गशीर्षात या तांडेल,” नवशा म्हणत होता. “गवत कापलेलं रहातं, वाट मोकळी, थंडी हाय. डोंगराला तोच सीझन.”

“तवा सकाळचं धुकं रहातं.”

“मंग शिमग्यानंतर.”

“तवा धुरळा. नाय. पावसाचा शेवटचा तडाखा पडून गेला ना, की दुसऱ्या दिवशी. हवा धुतलेली रहाते.”

“अवो, तवा गवत डोक्याएवढं! वाट सापडत नाय, साप निघतात. आनि आमी सगळी भात कापायला. त्या दिवसांत आमच्याकडचा कोन डोंगरावर चढत नाय.”

“मंग तर बरंच हाय,” कृष्णकांत म्हणाला. “कोन नको हाय मला तिथे.”

पुष्पलताच्या हातातला बोंबील हातातच राहिला.

“लाडकीला सांगून ठेव,” तो पुढे म्हणाला. “गप र्‍हाईल ना ती? तुमच्या पाड्यावरची पोरं इथल्या सगळ्या बोटींवर हायत. बंदरावर बोभाटा नको.”

“ती कोनाला बोलायची नाय.”

लाडकी! इतक्या वर्षांचा संसार, आणि वाघोबा खिंडीत लाडकी निघाली! तिने तो बोंबील असा काही काठीवर हाणला की त्याचे दोन तुकडे झाले.

त्या दिवसापासून ती त्याच्या मागावर राहिली. आणि राहिल्यावर काय, दिसायला लागलंच. गोड्या पाण्याने अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो पालघरला गेला. म्हणे इंजिनाचा पार्ट आणायचाय. परत आला तो रिकाम्या हाताने. तिने मेहुलला विचारलं तर मेहुल म्हणाला, इंजिन तर झकास चाललंय. पंधरवड्याने पुन्हा तसाच शर्ट घालून गेला, पुन्हा रिकाम्या हाताने आला आणि न जेवता झोपला.

ह्याहून वाईट म्हणजे तो आता तिच्याकडे बघत नव्हता. बोलायचा, पण बघायचा तिच्या कानाकडे, खांद्याकडे, मागच्या खुंटीकडे. एकदा जेवताना तिने मुद्दाम मान तिरकी करून आपला चेहरा त्याच्या नजरेसमोर धरला. तर ह्याने नजर आणखी पलीकडे नेली. चोराची नजर अशीच असते, पुष्पलता मनात म्हणाली. नजरेला नजर देऊन खोटं बोलायची ह्याची छाती नाही, एवढीच काय ती लाज उरलेली.

तिने हेमालीजवळ विषय काढला. हेमाली शिकलेली, तिने बाई वगैरे उडवूनच लावलं. “बाबा? काहीतरीच काय आई!” म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “बोट तर विकत नसतील? त्या बाजूला हल्ली मोठमोठी माणसं जमिनी आणि काय काय घ्यायला येतात. गावात बोलणी केली तर तुम्हाला कळेल, म्हणून लांब डोंगरावर.” झालं! आधी एक संशय होता, त्याला जोड मिळाली. आता रात्री कूस बदलली की एका अंगावर लाडकी आणि दुसऱ्या अंगावर बोट.

दसरा झाला आणि पावसाने जाता जाता एका संध्याकाळी झोडपून काढलं. पुष्पलता वाळवणावर प्लास्टिक टाकायला धावली. कृष्णकांत दारात उभा राहून आभाळाकडे तोंड करून हसत होता. माल भिजतोय आणि हा हसतोय!

सकाळी उजाडलं ते असं लख्ख की डोळे दिपावेत. उधाणाचे दिवस होते, जाळ्यात पापलेट लागत होतं. असल्या दिवसांत तांडेल अंथरुणाला खिळलेला असला तरी उठून बोटीवर जातो. कृष्णकांत मात्र नवे कॅनव्हासचे बूट घालून ओट्यावर बसला होता.

“मेहुल नेईल बोट,” तो खुंटीकडे बघत म्हणाला. “मी जरा नवशाकडं जाऊन येतो. कापणी चाललीय त्याची.”

“मीपन येते.”

“तू कशाला? डोंगर हाय तिथे. गुडघे दुखतात तुझे.”

“माझे गुडघे माझ्याजवळ हायत,” पुष्पलता म्हणाली आणि तिने पदर खोचला.

तो खूप काही बोलला. ती एकाही शब्दाला उत्तर न देता त्याच्या आधी रिक्षात जाऊन बसली.

बोईसरहून पालघर आणि तिथून मनोरच्या एसटीने ते खिंडीत उतरले. वाघोबाच्या देवळाशी माकडं बसली होती. पुष्पलताने हात जोडले आणि मनात म्हणाली, देवा, जे काय आहे ते आज उघड होऊ दे. नंतर कितीतरी दिवस तिला त्या मागण्याचा पस्तावा होणार होता.

नवशाच्या घरासमोर कुडाला टेकून एक म्हातारी बसली होती. तोंडात एक दात नाही, कान ओघळलेले, हातात विळा. “ही लाडकी, माझी आय,” नवशा म्हणाला.

पुष्पलताला हसू आलं आणि रडूही आलं. तिने त्या म्हातारीच्या पाया पडावं की आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी, तिला कळेना. लाडकीने तिला भाकरी आणि चहा दिला आणि कसलीही विचारपूस केली नाही. पण पुष्पलता चहा पिता पिता विचार करतच होती. लाडकी सुटली, ठीक. म्हणजे मग बोटच. वर कुणीतरी गिऱ्हाईक येऊन बसलेलं असणार.

ते चढायला लागले. नवशा पुढे कोयत्याने गवत दाबत, मागे कृष्णकांत, त्याच्यामागे ती. गवत खरंच डोक्याएवढं होतं आणि आतून वाफ येत होती. गुडघे बोंबलत होते, पण तिने एकदाही ‘थांबा’ म्हटलं नाही. कृष्णकांत दोनदा ठेचकाळला, तेही समोर चांगला ढळढळीत दगड असताना. तिने दंडाला धरलं, तर तो रागावून म्हणाला, “नवे बूट हायत, म्हनून.” मान वाकडी करून तो वाटेकडे असा बघत होता, जसा कोंबडा दाण्याकडे बघतो. इतका कशाला बिचकतोय, तिला वाटलं. वर कोण आहे असं?

माथ्याखालचा कातळ आला तेव्हा कृष्णकांत थांबला. “नवशा, तू जा आता. भात कापायचं पडलंय तुझं.”

“वर पोचवतो ना, तांडेल.”

“जा म्हनतो ना!”

नवशाने पुष्पलताकडे बघितलं, खांदे उडवले आणि तो उतरला. आता तिची खात्रीच झाली. खलाशासमोर बोट विकता येत नाही. तिने मनाशी ठरवून टाकलं, वर जो कुणी असेल त्याच्यासमोर आडवी पडेन, पण सही होऊ देणार नाही.

वर कुणीच नव्हतं.

चौकोनी कातळ, पाण्याचं एक टाकं, वारा. तिने चारी बाजूंना फिरून बघितलं. झुडपामागेसुद्धा बघितलं. परत आली तेव्हा कृष्णकांत पश्चिमेच्या कडेला उभा होता. दोन्ही हात डोळ्यांवर छपरासारखे धरलेले. ह्याच चौकोनी डोंगराच्या खुणेवर तो जन्मभर बोट घरी आणत होता. डोंगर समुद्रातून कशाच्या रेषेत दिसला की खाडीच्या तोंडाशी खडक चुकवून आत शिरता येतं, ती खूण प्रत्येक तांडेलाची आपली. बापाने सुकाण सोपवायच्या दिवशी मुलाला सांगायची, तोवर खलाशाला नाही, बायकोला नाही, कुणाला नाही. आता बोटीवर जीपीएस होतं. पण जीपीएस पाण्याखालचा प्रत्येक दगड कुठे सांगतं? खाडीत शिरताना कृष्णकांत डोंगरच बघायचा.

तो बराच वेळ तसाच उभा होता. मग हात खाली करून म्हणाला, “बघितलंस? आजपन धूर हाय. कंपन्यांनी वाट लावली साऱ्याची. इतका पाऊस झाला तरी हवा साफ नाय.”

पुष्पलताने बघितलं.

खाली पालघरची घरं, त्यापलीकडे भाताची पिवळी खाचरं, डावीकडे सातपाटीचा किनारा, उजवीकडे लांब तारापूरच्या चिमण्या, आणि समोर समुद्र. धुराचा ठिपकासुद्धा नव्हता. पाण्यावरचं ऊन दिसत होतं. आपल्या गावची खाडी दिसत होती, आणि खाडीतून बाहेर पडलेल्या बोटी, तांदळाचे दाणे सांडावेत तशा. त्यातली आपली कुठली ते कळत नव्हतं. पण त्यातल्या एकीत मेहुल होता.

तिने वळून नवऱ्याकडे बघितलं. तो समुद्राकडे तोंड करून उभा होता, पण नजर बाजूला, आभाळात कुठेतरी लावलेली. तिच्याशी बोलताना खुंटीकडे लावायचा तशीच. नजर चोरत नव्हता तो. सरळ बघितलं की त्याला दिसतच नव्हतं. बाजूने बघितलं तरच जे काय थोडं दिसेल ते. ती आपला चेहरा त्याच्यासमोर धरायची तेव्हा तो नजर पलीकडे न्यायचा, ते ती बाजूने तरी दिसावी म्हणून. जाळ्याची सुई, तो दगड, पालघरच्या दोन फेऱ्या, सगळं एकदम तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. आणि पुष्पलताला काय वाटलं असेल, तर हे: ह्यापेक्षा ती लाडकी तरुण असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता आलं असतं.

“दिसतं काय तुला?” त्याने विचारलं. सहज विचारल्यासारखं. पण त्याचा आवाज मेहुलच्या जन्माच्या वेळी होता तसा भ्यायलेला होता.

आता कळलं तिला, त्याला धुतलेली हवा कशाला हवी होती. सगळ्यात साफ दिवशी दिसलं नाही, तर मग दोष कशाला देणार? आणि ‘धूर हाय’ एवढं एकदा तिने म्हटलं, की हा माणूस खुशीत डोंगर उतरला असता, उद्या सुकाणावर उभा राहिला असता आणि पुढल्या वर्षी आणखी साफ दिवस शोधला असता. दोन शब्दांचं काम होतं. ते तिच्या ओठांवर आलेही होते.

खाली दाण्याएवढ्या बोटी सरकत होत्या.

“धूर नाय,” ती म्हणाली. “सगळं दिसतं. गावपन दिसतं. बोटी दिसतात.”

कृष्णकांत खाली बसला. कुणी दाबून बसवावं तसा. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिला रडू फुटलं. तो रडला नाही.

“डॉक्टर पन तेच बोलला,” तो म्हणाला. “पालघरचा. मी म्हटलं मोतीबिंदू असंल, काढून टाका. तर म्हने तसं नाय. मागचा पडदा गेला. गेला तो परत येत नाय, म्हने, हाय तेवढा जपा. मी म्हटलं, ह्याला काय कळतं? दर्यावर धूर किती रहातो ते ह्याला काय ठाव?”

“मला बोलायचं ना.”

“तुला बोललो असतो तर खरं झालं असतं.”

तिने पदराने डोळे पुसले.

मग त्याने डोळे मिटले आणि एकदम वेगळ्याच, बोटीवरच्या आवाजात म्हणाला, “उठ. ह्या कातळाच्या उत्तरेच्या टोकावर जा. उभी र्‍हा. आता खाडीच्या तोंडाकडं बघ. आपल्या देवळाची पांढरी भिंत दिसते?”

“एवढीशी. हाय.”

“तिच्या डाव्या अंगाला ताडांचा झुबका. त्याच्यानंतर पानी काळं दिसतं आनि मंग पुन्हा उजळ.”

“हाय! उजळ हाय.”

“त्या उजळ पट्ट्यातून यायचं. बोटीवरून बघितलं तर डोंगराचं हे टोक, जिथे तू उभी हायस, बरोबर त्या भिंतीवर बसतं. जरा इकडं झालं की खडक लागला समज.”

मिटल्या डोळ्यांनी तो एकेक गोष्ट सांगत होता, आणि तिने बघितली की ती तिथेच असायची. एकही चुकली नाही. बाईमाणसाला खूण सांगणारा गावातला हा पहिलाच तांडेल असेल. पुष्पलताने ती तीनदा म्हणून दाखवली.

“मेहुलला सांगशील ना?”

“तुमीच सांगायची. बापाने सांगायची रहाते. मी नुसती चुकलात काय ते बघीन.”

उतरताना ती पुढे झाली आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. दगड आला की ती म्हणायची ‘दगड’ आणि तो पाय उचलायचा. चारचौघांत कधी बायकोच्या शेजारी न चालणारा माणूस, पण पाडा आला तरी त्याने हात काढला नाही.

वावरात लाडकी आणि नवशा भात कापत होते. त्यांना येताना बघून लाडकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बोळक्या तोंडाने हसली. “दिसला काय दर्या?”

पुष्पलताने उत्तर तयार ठेवलं होतं. दिसला की, दोघांनापन दिसला, लख्ख. समोर नवशा उभा होता. उद्या परवा तो बंदरावर जाणार, आणि एकदा का डोळ्यांचं बाहेर फुटलं की ह्या तांडेलाच्या बोटीवर खलाशी चढणार नाही. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात खांद्यावरचा हात घट्ट झाला.

“हिला दिसला,” कृष्णकांत म्हणाला. “मला नाय.”

नवशाचा विळा थांबला. कृष्णकांत त्याच्या आवाजाच्या बाजूला वळला आणि म्हणाला, “कापणी उरकून ये सावकाश. बोटीवर आता मेहुलला तांडेल म्हनायचं.”